घरच्या वाफ्यात सलगम

सलगम नको म्हणणाऱ्यांनी बहुतेक वेळा जून, चिवट कंदच खाल्लेला असतो. घरी पेरून कोवळा असतानाच काढलेला सलगम गोडसर आणि रसाळ लागतो, त्यामुळे हे पीक घरच्या बागेत असायलाच हवे असे मला मनापासून वाटते.

हे थंडीचे पीक. 15 ते 20 अंश सेल्सिअस तापमानात कंद उत्तम भरतो, उन्हाळ्यात तिखट आणि दोरेदार होतो. महाराष्ट्रात दसरा झाला की वाफा तयार करावा आणि नोव्हेंबर संपण्याआधी पेरणी उरकावी. लवकर पेरायचे असेल तर पुसा श्वेती ही जात निवडा. ही थोडी ऊब सोसते आणि साधारण 45 दिवसांत तयार होते. पर्पल टॉप व्हाइट ग्लोब या जातीला दोन महिने धरा.

माती वीतभर खोल खणून भुसभुशीत करा, खडे वेचा आणि चांगले कुजलेले शेणखत मिसळा. युरियाचा मोह टाळा, नाहीतर पाला माजतो आणि कंद पोसत नाही. कोबी, मुळा किंवा मोहरी नुकतीच घेतलेली जागा नको, कारण त्यांचे रोग सलगमलाही लागतात.

बी थेट वाफ्यातच पेरा. रोपे उपटून दुसरीकडे लावली तर सोटमूळ दुखावते आणि कंद वेडावाकडा होतो. दोन ओळींत 30 सेंटिमीटर अंतर ठेवा आणि बी सेंटिमीटरभर खोल टाका. ते मोहरीएवढे बारीक असते, म्हणून कोरड्या वाळूत मिसळून पेरले की दाट पडत नाही. आठवड्याच्या आत उगवते.

आता सगळ्यात महत्त्वाचे काम, विरळणी. रोपांना दोन-तीन खरी पाने (उगवतानाच्या पहिल्या दोन बीजपानांनंतरची) आली की 10 सेंटिमीटरवर एकच रोप ठेवा. हिरवीगार रोपे काढताना जिवावर येते हे खरे, पण इथे दया दाखवली तर हाती नुसता पालाच लागतो. जादा रोपे उपटण्यापेक्षा कात्रीने कापा, म्हणजे शेजारची मुळे हलत नाहीत. कापलेली कोवळी पाने धुऊन लसणाच्या फोडणीत परता.

ओल कायम सारखी राहू द्या. माती कडक वाळल्यावर एकदम भरपूर पाणी दिले की कंद तडकतात. मावा (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) दिसला तर आधी पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारा. तरीही हटला नाही तर 5 टक्के निंबोळी अर्क फवारा.

कंद 5 ते 7 सेंटिमीटर जाडीचा झाला की काढाच, आणखी मोठा होण्याची वाट पाहू नका.

सलगमचा पिवळ्या गराचा भाऊबंद रुटाबागा याला तीन महिन्यांहून अधिक काळ सलग गारवा लागतो. आपल्या सपाटीवर त्याचा हट्ट धरू नये. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांनी मात्र तो मे-जूनमध्ये पेरून शरद ऋतूत काढावा. तिथे त्याला स्वीड म्हणतात आणि थंडीचा कडाका बसला की त्याची गोडी वाढते.

काढलेल्या कंदांची पाने लगेच कापून वेगळी करा. ती तशीच राहिली तर कंदातला ओलावा ओढून घेतात.