ड्रिफ्ट-डिफ्यूजन मॉडेल बसवताना या चुका टाळा

पडद्यावर ठिपके सरकतायत, डावीकडे की उजवीकडे ते बटण दाबून सांगायचं. अशा झटपट निर्णयांसाठी मानसशास्त्रज्ञ रॉजर रॅटक्लिफ यांनी १९७८ मध्ये मांडलेलं ड्रिफ्ट-डिफ्यूजन मॉडेल आजही सर्रास वापरतात. त्यात पुरावा गोंगाटासकट साचत जातो आणि दोनपैकी एका सीमेला टेकला की निर्णय झाला. मॉडेल सुटसुटीत आहे, पण चुकीचं बसवलं, म्हणजे त्याचे आकडे प्रयोगातल्या उत्तरांशी आणि वेळांशी चुकीचे जुळवले, तरी सॉफ्टवेअर सहसा तक्रार करत नाही.

सगळ्यात छळणारी चूक गोंगाटाच्या मापाची. रॅटक्लिफ परंपरेत ते ०.१ धरतात, बऱ्याच नव्या पॅकेजांत १. समजा, जुन्या पेपरातून ड्रिफ्ट रेट (पुरावा साचण्याचा सरासरी वेग) ०.२ आणि सीमांमधलं अंतर ०.१२ उचललं. ०.१ च्या मापात चुका सुमारे ८ टक्के आणि निर्णयाला पाव सेकंद, म्हणजे सगळं रास्त. तेच आकडे १ च्या मापात घाला: चुका ४९ टक्के, निर्णय ४ मिलिसेकंदांत! निव्वळ नाणेफेक. दोन्ही आकडे दहापट करा, गाडी रुळावर येते. मी यात दोन दिवस घालवलेत, म्हणून सांगतोय.

दुसरी गोची घाईच्या बटणांची. डोळ्यांनी पाहणं आणि बोट हलवणं यांचा वेळ मॉडेलमध्ये वेगळा असतो, आणि साध्या मॉडेलमध्ये तो सर्वांत जलद प्रतिसादापेक्षा जास्त असूच शकत नाही. त्यामुळे १२० मिलिसेकंदांत चुकून दाबलेलं एकच बटण तो वेळ खाली ओढतं आणि बाकीचे पॅरामीटरही बिघडवतं. असे प्रतिसाद आधीच गाळा.

नुसती सरासरी वेळ बसवू नका. चुकीच्या उत्तरांच्या वेळाही हव्यात. आणि ‘हळू म्हणजे मेंदू मंद’ हा निष्कर्ष तर नकोच. कित्येक प्रयोगांत वयस्कर माणसांचा ड्रिफ्ट रेट तरुणांइतकाच निघालाय. त्यांची सीमा रुंद असते, म्हणजे ते जास्त सावध असतात.

शेवटचा मोह न्यूरॉनचा. माकडांच्या मेंदूतल्या एलआयपी या नजर आणि निर्णयांशी जोडल्या जाणाऱ्या भागातल्या न्यूरॉनच्या सक्रियतेचा आलेख हळूहळू चढताना दिसला की ‘हाच तो साचणारा पुरावा’ असं वाटतं. पण प्रत्येक वेळी वेगळ्या क्षणी न्यूरॉनने एकदम मारलेल्या उड्यांची सरासरी काढली तरी तसाच गुळगुळीत चढ दिसतो. शिवाय २०१६ मध्ये छापलेल्या एका प्रयोगात हा भाग औषधाने तात्पुरता गप्प केला, तरी माकडं ठिपक्यांची दिशा जवळपास पूर्वीसारखीच ओळखत राहिली.