रिमोट व्ह्यूइंगने कारखान्याचा वेध घेताना
रिमोट व्ह्यूइंग म्हणजे दूरची, डोळ्यांआडची जागा केवळ मनाने ‘पाहण्याचा’ दावा; ती पाहू पाहणारा तो द्रष्टा. लक्ष्य निवडणाऱ्या व्यक्तीने कारखान्याचे छायाचित्र लिफाफ्यात बंद करून त्यावर केवळ एक क्रमांक लिहावा. द्रष्ट्याला आणि त्याच्यासमोर बसून प्रश्न विचारणाऱ्याला त्याखेरीज काहीही ठाऊक नसावे, कारण प्रश्नकर्त्याच्या नुसत्या हुंकारातूनही उत्तर सुचू शकते. द्रष्ट्याने आधी आकार, पोत, उष्णता, आवाज असे कच्चे ठसे कागदावर उतरवावेत आणि ‘ही भट्टीच आहे’ असा निष्कर्ष मनात आलाच, तर तो बाजूला वेगळा नोंदवावा.

खरी कसोटी पडताळणीत आहे. १९७४ मध्ये पॅट प्राइस या अमेरिकी द्रष्ट्यांनी सोव्हिएत संघातील सेमिपालातिन्स्क येथील गुप्त संशोधन केंद्रावरच्या प्रचंड क्रेनचे चित्र काढले, ते बरेचसे जुळले. मात्र त्यांच्या वर्णनातील इतर अनेक तपशील चुकीचे निघाले, आणि ही कथा रंगवून सांगताना नेमके तेच गाळले जाते. अमेरिकी सरकारचा असा प्रकल्प १९९५ मध्ये गुंडाळला गेला, तेव्हाच्या मूल्यमापनात प्रत्यक्ष कारवाईस उपयोगी पडेल अशी माहिती त्यातून मिळाल्याचे आढळले नाही. तेव्हा हाती आलेल्या वर्णनावर कोणताही निर्णय बेतू नये.

लिफाफा उघडण्यापूर्वी नोंदींवर वेळ व स्वाक्षरी घालावी. नंतर लक्ष्य ठाऊक नसलेल्या परीक्षकासमोर पाच छायाचित्रे ठेवून वर्णनाशी जुळणारे निवडायला सांगावे. निव्वळ योगायोगानेही पाचांत एकदा ते बरोबर येते, म्हणून प्रयोग पुष्कळदा करावा आणि फसलेली सत्रेही वहीत ठेवावीत.