पाच मित्र, एक बाक: म्युनिकच्या ऑक्टोबरफेस्टची तयारी कशी करायची

ऑक्टोबरफेस्टला, म्हणजे जर्मनीतल्या बिअरच्या मोठ्या जत्रेला, जायचं ठरलं की व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिली चर्चा विमानाच्या तिकिटाची सुरू होते. त्याआधी एक गोष्ट पक्की करा: नक्की डोकी किती? आमचा सल्ला स्पष्ट आहे. गट पाच जणांचा करा, नाहीतर थेट दहाचा. म्युनिकच्या मेट्रो, ट्राम आणि बसला चालणारं गटाचं दिवसभराचं तिकीट पाच मोठ्या माणसांपर्यंत एकाच किमतीत मिळतं. म्युनिक ज्या राज्यात आहे त्या बव्हेरियाभर लोकल आणि रिजनल गाड्यांनी फिरवणारं बायर्न-तिकीटही जास्तीत जास्त पाच जणांचं असतं. फेस्टच्या तंबूत टेबल राखून ठेवायचं तर ते आठ किंवा दहा जणांचंच मिळतं. गट सात जणांचा असला तर शहराची दोन तिकिटं काढावी लागतात आणि दहाचं टेबल मिळालं तर तीन रिकाम्या जागांचेही पैसे भरावे लागतात.

डोकी ठरली की प्रत्येकाकडून काँट्री गोळा करा, आणि ती हॉटेल बुक करण्याआधी. 'मी नक्की येतोय' म्हणणाऱ्यांपैकी किती जण खरंच येणार, हे पैसे मागितल्यावरच कळतं. ऐनवेळी कोणी गळलं तर त्याच्या वाट्याचं खोलीभाडं कोण भरणार, हेही तेव्हाच लिहून ठेवा. पुढे यावरूनच मैत्रीत कटुता येते.

तारीख

फेस्ट सप्टेंबरच्या १५ तारखेनंतरच्या शनिवारी सुरू होतो आणि साधारणपणे ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी संपतो. १८१० साली युवराज लुडविग आणि थेरेसा यांच्या लग्नानिमित्त पहिला सोहळा झाला तो ऑक्टोबरात. पुढे बऱ्या हवामानासाठी तो अलीकडे सरकवण्यात आला. २०२६ मध्ये तो १९ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर आहे, २०२७ मध्ये १८ सप्टेंबर ते ३ ऑक्टोबर.

आपल्याकडच्या मंडळींना २०२६ ची तारीख जरा अडचणीची आहे. गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आणि अनंत चतुर्दशी २५ ला, म्हणजे फेस्टचा पहिला आठवडा गणपतीतच जातो. विसर्जन उरकून २६ च्या रात्री निघालात तर सोमवार २८ सप्टेंबर ते गुरुवार १ ऑक्टोबर हे चार दिवस हाती लागतात आणि गर्दीच्या दृष्टीने ते उत्तमच आहेत. मात्र लगेच पितृपक्ष लागतो. ज्यांच्या घरी तो पाळतात, त्यांची २०२७ मध्येही अडचणच आहे, तेव्हाही फेस्टचे बहुतेक दिवस पितृपक्षातच येतात. २०२६ मध्ये २ ऑक्टोबरची सुट्टी शुक्रवारी आहे म्हणून शेवटचा शनिवार-रविवार पकडायचा मोह होईल, पण तो टाळा. ३ ऑक्टोबरला जर्मनीत राष्ट्रीय सुट्टी असते आणि तेव्हा सकाळीच तंबू भरून दारं बंद होतात. मधला शनिवार-रविवारही सोडा, त्या दिवसांत इटलीहून प्रचंड गर्दी येते.

टेबल हवं की नको?

मैदानात प्रवेशाला तिकीट नाही, तंबूतही नाही. पण तंबूत बसायला जागा मिळाल्याशिवाय बिअर मिळत नाही. उभ्याने पिता येईल अशी मोठी जागा हॉफब्रॉयच्या तंबूत बँडसमोर आहे, म्हणून परदेशी तरुणांची गर्दी तिकडे जास्त असते.

राखीव टेबलासाठी त्या-त्या तंबूच्या स्वतःच्या वेबसाइटवर वर्षाच्या पहिल्या तीन-चार महिन्यांत अर्ज करायचा. आरक्षणाचे वेगळे पैसे नसतात, पण खाण्यापिण्याची कुपनं आगाऊ घ्यावी लागतात: सहसा माणशी दोन लिटर बिअर आणि अर्धी भाजलेली कोंबडी. संध्याकाळची टेबलं जुन्या गिऱ्हाइकांनाच पुरत नाहीत. सोमवार ते गुरुवार दुपारची वेळ मागितली तर नव्या माणसालाही संधी असते. इंटरनेटवर भरमसाट किमतीला टेबल विकणाऱ्या दलालांपासून लांब राहा. असं आरक्षण तंबूचालक दारातच नाकारू शकतो आणि पैसे परत मिळत नाहीत.

पाच जणांच्या गटाला खरं तर आरक्षणाची गरजच नाही. मोठ्या तंबूंत काही टेबलं कायम खुली ठेवावी लागतात आणि राखीव टेबलंही दुपारभर मोकळी असतात. टेबलावरच्या पाटीवर आरक्षण किती वाजता सुरू होतं ते लिहिलेलं असतं. सहसा चार-पाच वाजता. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास गेलात तर पाच जण एका बाकावर आरामात बसतात. सगळे आले नसतील तर आलेल्यांनी बसून घ्यावं, पण चार जागा अडवून ठेवू नयेत. वेटर ते चालू देत नाहीत.

कुठल्या तंबूत बसायचं? मोठे तंबू चौदा आणि बिअर फक्त म्युनिकच्या सहा ब्रुअरींची: ऑगस्टिनर, हाकर-प्शोर, हॉफब्रॉय, लोव्हनब्रॉय, पाउलानर आणि श्पाटेन. आमची पहिली पसंती ऑगस्टिनरच्या तंबूला. तिथे बिअर अजून लाकडी पिंपांतून येते आणि स्थानिक कुटुंबं जास्त असतात. पहिल्या शनिवारी दुपारी १२ वाजता महापौर पहिलं पिंप फोडतात ते शोटनहामेलच्या तंबूत. संध्याकाळी सहापर्यंत तंबूंत पारंपरिक बँड मर्यादित आवाजात वाजतो, बाकांवर उभं राहून नाचगाणं त्यानंतर. बाकावर चढलेलं चालतं, टेबलावर चढलात तर बाहेर काढतात.

व्हिसा

जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. म्हणजे सप्टेंबरअखेरच्या सहलीसाठी मार्चअखेरीपासून. उन्हाळी सुट्टीच्या गर्दीत अपॉइंटमेंट मिळणं कठीण, म्हणून जून उजाडताच तारखा बघायला लागा. मुंबई आणि पुण्यात व्हिसाचे अर्ज स्वीकारणाऱ्या व्हीएफएस कंपनीची केंद्रं आहेत. शुल्क मोठ्या माणसाला ९० युरो, केंद्राचा सेवाआकार वेगळा. विम्याचं कव्हर किमान ३०,००० युरोंचं हवं. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीच्या तारखेनंतर तीन महिने वैध आणि दोन कोरी पानं असलेला हवा.

मित्रांच्या गटाची गडबड कागदपत्रांत होते. अर्ज प्रत्येकाचा स्वतंत्र, तपासणीही स्वतंत्र. हॉटेलचं बुकिंग एकाच्याच नावावर असेल तर बाकी चौघांकडे राहण्याचा पुरावा उरत नाही. बुकिंगवर पाचही नावं पासपोर्टवरच्या स्पेलिंगनेच घालून घ्या. पाचही अर्जांत प्रवासाचा कार्यक्रम तारखेसकट एकसारखा हवा. एकाने सगळ्यांची तिकिटं काढली असतील तर तसं पत्र जोडा. बँकेच्या स्टेटमेंटमध्ये आदल्या आठवड्यात अचानक मोठी रक्कम दिसली तर शंका घेतात, म्हणून पैसे खात्यात वेळेत जमवा. नोकरदारांनी रजामंजुरीचं पत्र विसरू नये.

अर्ज कुठल्या देशाकडे करायचा, ते रात्री मोजून ठरवा. सर्वांत जास्त रात्री जिथे, तो देश. समान असतील तर जिथून प्रवेश, तो. शेजारच्या चेक देशातलं प्राग जोडायचं असेल तर जर्मनीतल्या रात्री जास्त ठेवा, म्हणजे प्रश्नच येत नाही.

राहणं आणि जाणं-येणं

मुंबईहून म्युनिकला थेट विमान आहे. ते महाग वाटलं तर फ्रँकफर्टला उतरून वेगवान रेल्वेने साडेतीन तासांच्या आसपास म्युनिक गाठता येतं. रेल्वेचं सवलतीचं तिकीट त्या एकाच गाडीपुरतं चालतं, त्यामुळे विमान उतरल्यावर किमान तीन तासांचं अंतर राखा.

फेस्टच्या काळात म्युनिकची हॉटेलं नेहमीच्या दुप्पट-तिप्पट भाव लावतात आणि बरीचशी बुकिंगं रद्द केल्यास पैसे देत नाहीत. हातात व्हिसा नसताना असं बुकिंग करू नका. त्यापेक्षा म्युनिकजवळच्या ऑग्सबुर्गला रद्द करता येईल अशी खोली आधीच घेऊन टाका. वेगवान गाडीने अर्धा तास, साध्या गाडीने पाऊण. रात्रीच्या शेवटच्या गाडीची वेळ मात्र प्रत्येकाच्या फोनमध्ये हवी. बायर्न-तिकीट सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊनंतरच सुरू होतं आणि रात्री तीनपर्यंत चालतं. वेगवान आयसीई गाडीला ते चालत नाही. त्यावर सगळ्यांची नावं लिहावी लागतात, ती गाडीत चढण्यापूर्वी लिहा. अपार्टमेंट घेतलंत तर रात्री दहानंतर गोंगाट चालत नाही, शेजारी खरोखर तक्रार करतात.

मैदानाजवळचं थेरेसिएनवीझं हे मेट्रो स्टेशन संध्याकाळी तुडुंब भरतं. येताना हाकरब्रुकं किंवा गोएथेप्लाट्झला उतरून चाला. जातानाही हेच करा, किंवा मुख्य रेल्वे स्टेशनपर्यंत सरळ चालत जा, पंधरा-वीस मिनिटं लागतात.

त्या दिवशी काय न्यायचं?

मोठी सॅक न्याल तर दारातूनच परत पाठवतील. तीन लिटरपेक्षा मोठी किंवा २० × १५ × १० सेंटीमीटरपेक्षा मोठी पिशवी आत नेता येत नाही. काचेची बाटलीही नाही. पायात बंद बूट घाला, जमिनीवर काचांचे तुकडे असतात. दुपारी ऊन असलं तरी रात्री चांगलाच गारठा पडतो, त्यामुळे पातळ जाकीट हवंच. पारंपरिक पोशाख, म्हणजे पुरुषांची चामड्याची विजार (लेडरहोजन) किंवा बायकांचा डिर्न्डल झगा, घालणं सक्तीचं नाही. घालायचंच असेल तर पार्टीच्या दुकानातला पातळ पोशाख घेण्यापेक्षा जुन्या कपड्यांच्या दुकानातून खरा घ्या.

२०२५ मध्ये एक लिटरच्या मगाचा दर तंबूनुसार १४.५० ते १५.८० युरो होता. वेटर बिअर आणतो तेव्हाच पैसे घेतो. वर एक-दोन युरो टीप देण्याची पद्धत आहे आणि ती दिली की पुढचा मगही लवकर येतो. आता बऱ्याच ठिकाणी कार्ड चालतं, तरी रोख हाताशी असू द्या. दोन मग, कोंबडी, ब्रेत्झेल (गाठीच्या आकाराचा खारा पाव) आणि टीप धरून माणशी ६५ ते ८० युरो. पाच जणांनी एकत्र गल्ला करावा आणि तो सांभाळणारा त्या दिवशी कमी पिणारा असावा.

आता सर्वांत महत्त्वाचं. ही बिअर साधारण सहा टक्क्यांची असते आणि गोडसर असल्याने घशाखाली पटकन उतरते. एका लिटरमध्ये जवळपास ४८ ग्रॅम अल्कोहोल होतं. आपल्याकडच्या १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये साधारण ६२ ग्रॅम असतं. म्हणजे दोन मग म्हणजे दीड क्वार्टर. बहुतेक लोक कोलमडतात ते रिकाम्या पोटी पहिला मग अर्ध्या तासात संपवून. आधी खा, एका मगाला किमान दीड तास द्या, मध्ये पाणी प्या आणि तिसऱ्याच्या भानगडीत पडू नका. बिअरमध्ये लिंबूपाणी घातलेलं राडलर किंवा बिनअल्कोहोलची बिअर मागितली तर कोणी वेगळ्या नजरेने बघत नाही. परतताना भाड्याची इलेक्ट्रिक स्कूटर उचलू नका, तिला मोटारीसारखेच मद्यपानाचे नियम लागू आहेत.

खाण्याचं म्हणाल तर मासे खाणाऱ्यांनी फिशर-फ्रोनी तंबू चुकवू नये. काठीला टोचून निखाऱ्यावर भाजलेले मासे मिळतात, त्यात बांगड्याच्या जातीचा मॅकरेलही असतो. कोकण-गोव्याच्या माणसाला तो लगेच आवडेल. शाकाहाऱ्यांना केझश्पेत्झलं म्हणजे चीज घातलेल्या शेवया (अंडं असतं), किसलेल्या बटाट्याचे तळलेले राइबरडाची आणि ओबात्झ्दा हे मसालेदार चीज. रस्सा बहुधा मांसाच्या अर्काचा असतो, त्यामुळे विचारून घ्या. गोमांस टाळणाऱ्यांनी ओक्सनब्राटेराय तंबूत जाऊ नये, तिथे अख्खे बैल भाजतात.

चुकामूक होणारच, कारण संध्याकाळी फोनला नेटवर्क नीट मिळत नाही. मैदानाच्या पश्चिमेला असलेल्या 'बव्हेरिया' नावाच्या उंच पुतळ्यापाशी ठरावीक वेळी भेटायचं, असं आधीच ठरवा. तंबूचा नंबर सांगून उपयोग नाही, तंबू भरला की बाहेर पडलेल्याला परत आत घेत नाहीत. शोटनहामेलच्या मागे सेवा केंद्र आहे: पोलीस, प्रथमोपचार, हरवलेल्या वस्तू आणि मुली-महिलांसाठी सुरक्षित कक्ष. गटातल्या मैत्रिणींना ही जागा पहिल्याच दिवशी दाखवून ठेवा. बिअरचा मग घरी न्यायचा तर विकत घ्या, उचलून नेणं ही चोरी ठरते आणि दारात तपासणी होते.

बाकीचे दिवस

फेस्टला दोन दिवस पुरे. मध्ये एक दिवस मोकळा ठेवा आणि हिर्शगार्टनसारख्या बिअर गार्डनमध्ये घालवा. स्वयंसेवेच्या बाकांवर घरचं खाणं नेता येतं, पेय मात्र तिथलंच घ्यायचं. थेपले आणि चिवड्याचा डबा इथे उघडा. बायर्न-तिकिटावर ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गपर्यंत जाऊन येता येतं. बिअरचीच गोडी असेल तर बांबेर्गला जा, धुराचा वास असलेली श्लेंकेर्लाची बिअर तिथेच प्यावी. प्रागला रेल्वेने निघालात तर वाटेत प्ल्झेन लागतं, १८४२ मध्ये पहिली पिल्सनर (फिकट सोनेरी बिअर) झाली ते गाव. रविवारी जर्मनीत दुकानं बंद असतात, पाणी आणि नाश्ता शनिवारीच घेऊन ठेवा.

परतीचं विमान संध्याकाळचं असेल तर सामान म्युनिक स्टेशनच्या लॉकरमध्ये टाकून एस-वन लोकलने फ्रायझिंगला जा. वाइहेनश्टेफान ही १०४० पासूनचा इतिहास सांगणारी ब्रुअरी तिथल्या टेकडीवर आहे. बाटल्या न्यायच्या असतील तर चेक-इन बॅगेत कपड्यांत गुंडाळून ठेवा. भारतात येताना प्रत्येक प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काविना आणता येतं, म्हणजे अर्ध्या लिटरच्या चार बाटल्या. पाच जणांच्या वीस एकाच बॅगेत भरू नका.