जुन्या एमजीबीसाठी विजेवर चालणारा कूलिंग फॅन कसा निवडावा

इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात एमजीबी ही स्पोर्ट्‌स कार तयार होत असे. तिच्यासाठी नवा इलेक्ट्रिक फॅन घेण्यापूर्वी दोष खरोखर फॅनचाच आहे का, हे तपासावे. गाडी सिग्नलवर तापत असेल तर फॅनवर संशय घेणे रास्त आहे. परंतु महामार्गावर वेगात असताना तापत असेल, तर आधी रेडिएटर, थर्मोस्टॅट (ठराविक तापमानाला उघडून गरम पाण्याला रेडिएटरकडे वाट देणारी झडप) व वॉटर पंप पाहावा, कारण त्या वेगाला समोरून येणारा वाराच पुरेसा असतो.

त्यानंतर रेडिएटरच्या जाळीची लांबी-रुंदी आणि तिच्यापासून वॉटर पंपच्या पुलीपर्यंतचे अंतर मोजावे. जागा असल्यास हवा ओढणारा फॅन मागे बसवावा. नसल्यास हवा ढकलणारा फॅन पुढे बसवावा. ज्या दिशेसाठी पाती घडवलेली आहेत, त्याच दिशेने फॅन वापरावा. केवळ तारा उलटवून दिशा बदलल्यास हवा बरीच कमी मिळते.

माझ्या मते निवडीचा खरा निकष विजेचा आहे. जाहिरातीतील हवेच्या आकड्याला भुलून मोठा फॅन घेतला जातो, पण आरंभीच्या एमजीबीतील ल्यूकस सी४० डायनॅमो (इंजिनावर फिरून वीज तयार करणारे यंत्र) फार तर २२ अँपिअर देतो आणि इंजिन मंद फिरत असताना, म्हणजे फॅनची गरज सर्वाधिक असते नेमक्या त्याच वेळी, जवळजवळ काहीच देत नाही. अशा गाडीत कमी अँपिअरचा, साधारण दहाच्या आतला फॅन घ्यावा. अधिक मोठा हवाच असेल तर आधी डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर, म्हणजे अधिक वीज देणारे जनित्र, बसवावा.

१९६७ पर्यंतच्या गाड्यांत बॅटरीचे धन टोक चासीला जोडलेले असते. त्यांच्यासाठी दोन्ही तारा फॅनच्या मोटरच्या धातूच्या आवरणापासून अलग असलेलाच फॅन निवडावा व त्याची धन तार चासीला जोडावी.

प्रवाह डॅशबोर्डच्या स्विचमधून न नेता रिले (लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) व योग्य फ्यूजमधून न्यावा. थर्मोस्टॅट ८२ अंशांचा असल्यास फॅन ९२ अंशांच्या सुमारास सुरू होईल असा तापमान-स्विच घ्यावा; फॅन थर्मोस्टॅटच्याही आधी सुरू होत राहिल्यास तो विनाकारण फिरत राहतो व बॅटरी उतरते.