नव्या गाडीवरची सवलत पदरात कशी पाडून घ्यावी

गेल्या बारा-तेरा वर्षांत स्वतःच्या दोन आणि भावकीतल्या, पाव्हण्यांच्या मिळून आठ-नऊ गाड्या ठरवताना मी शोरूमच्या टेबलासमोर बसलो आहे. महिनाअखेरीस जावे, चिकाटीने घासाघीस करावी आणि शेवटी उठून चालू लागावे, हा सल्ला प्रत्येक वेळी कोणी ना कोणी देतोच. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे, कारण उठून जाणाऱ्यालाही परत बोलावून मोठी सवलत देणे आणि तीच रक्कम दुसऱ्या रकान्यातून काढून घेणे शोरूमला अवघड नसते. गाडी, व्हेरियंट आणि इंधन तुम्ही ठरवले आहे, चालवूनही पाहिली आहे, असे धरून पुढे लिहितो.

पहिली पायरी: कोल्हापूरचा मोह बाजूला ठेवावा

आमच्या बेळगाव जिल्ह्यातला, म्हणजे कर्नाटकातल्या निपाणी-चिक्कोडीकडचा माणूस पहिला प्रश्न हाच विचारतो की गाडी कोल्हापुरात घेतली तर स्वस्त पडेल का. कागदावर पडते. कर्नाटकात पाच ते दहा लाखांच्या गाडीवर १४ टक्के आणि दहा ते वीस लाखांच्या गाडीवर १७ टक्के आजीवन कर लागतो, शिवाय त्या करावर ११ टक्के उपकर असतो. महाराष्ट्रात खासगी पेट्रोल गाडीला हेच दर अनुक्रमे ११ आणि १२ टक्के आहेत. नऊ लाखांच्या गाडीला इकडे १,३९,८६० रुपये आणि तिकडे ९९,००० रुपये, म्हणजे चाळीस हजारांचा फरक दिसतो आणि माणूस पाघळतो.

पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ४० प्रमाणे तुमचे राहणे किंवा धंदा जेथे आहे आणि गाडी जेथे ठेवली जाते, त्या राज्यात नोंदणी करायची असते. मावसभावाचा कागलचा पत्ता दाखवून एमएच-०९ पासिंग करून घेतले आणि गाडी बेळगावात फिरवली, तर बारा महिन्यांनंतर कलम ४७ नुसार नवा नंबर घेणे भाग पडते. मग इकडचा कर भरा आणि तिकडच्या कराच्या परताव्यासाठी खेटे घाला. तुमचे घर खरोखरच हद्दीच्या पलीकडे असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर या वाटेला जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याऐवजी एक कोटेशन (किमतीचा लेखी तपशील) बेळगावचे घ्यावे आणि दुसरे हुबळीहून आणावे. राज्य एकच असल्याने कर एकच लागतो, त्यामुळे दोन्ही कागद ओळीला ओळ लावून ताडता येतात. तिकडे घेतलेल्या गाडीला बेळगावचा केए-२२ किंवा चिक्कोडीचा केए-२३ नंबरही घेता येतो.

दुसरी पायरी: वेळ साधावी

शोरूमच्या अंगणात उभ्या असलेल्या गाड्या बहुधा बँकेच्या पैशावर आणलेल्या असतात आणि न खपलेल्या प्रत्येक गाडीवर रोज व्याज चढत असते. म्हणून जुन्या स्टॉकवर सवलत जास्त असते. आपल्या भागात याला आणखी एक पदर आहे. कानडी घरांत आषाढात नवी वस्तू घेत नाहीत, आणि पितृपंधरवड्यात तर मराठी आणि कानडी दोन्ही गिऱ्हाईक थांबते. दसऱ्याला आणि पाडव्याला शोरूमला तुमची गरज नसते; पंधरवड्यात असते.

मात्र कंपनीची योजना बहुधा बुकिंगच्या तारखेवर नव्हे, तर बिलाच्या तारखेवर लागू होते. पंधरवड्यात भाव ठरवून दसऱ्याला गाडी नेणार असाल आणि मध्ये महिना बदलत असेल, तर बिल त्याच महिन्यात करून गाडी नंतर नेण्याचे लेखी ठरवून घ्यावे, नाहीतर "काका, योजना बदलली बघा" हे वाक्य ऐकण्याची तयारी ठेवावी.

डिसेंबरात जास्त सवलतीने मिळणारी गाडी जानेवारीत एक वर्ष जुनी ठरते आणि विकताना तो आकडा आडवा येतो. दहा वर्षे गाडी ठेवणाऱ्याने ती खुशाल घ्यावी, चार वर्षांत बदलणाऱ्याने घेऊ नये.

तिसरी पायरी: कोटेशन फोडून वाचावे

माझी फसगत येथे झाली, म्हणून येथे थोडे थांबतो. २०१९ साली मी एका शोरूममध्ये पस्तीस हजारांची सवलत मिळवली आणि पेढे वाटले. पुढे महिन्याभराने शेजारच्या विमा एजंटाने सहज म्हणून कागद पाहिले आणि त्याच्या ओट्यावरच आम्ही पेन्सिलीने बेरीज केली. विमा बाहेरच्यापेक्षा चौदा हजारांनी महाग, गाडीत आधीच बसवलेल्या अ‍ॅक्सेसरीजचे "किट" म्हणून बारा हजार, हाताळणी खर्च साडेसात हजार, आणि माझी जुनी गाडी बाजारभावापेक्षा पंधरा हजारांनी खाली धरलेली. एकूण साडेअठ्ठेचाळीस हजार झाले. सवलत मिळवण्यासाठी मी वर साडेतेरा हजार मोजले होते. चूक शोरूमची नव्हती असे मी म्हणणार नाही, पण त्या कागदावर सही माझी होती.

तेव्हापासून मी सवलतीच्या आकड्यावर बोलतच नाही. आधी कोटेशन छापील घेतो आणि त्यात एक्स-शोरूम किंमत (आजीवन कर, नोंदणी आणि विमा धरण्याआधीची), कर व नोंदणी, विमा, फास्टॅग, वाढीव वॉरंटी, अ‍ॅक्सेसरीज आणि "इतर" अशा ओळी वेगळ्या मागतो. "ऑन-रोड सगळे मिळून इतके" असा एकच आकडा फोनच्या कॅल्क्युलेटरवर दाखवणाऱ्याशी पुढे बोलू नये. एक्स-शोरूम किंमत आजची आहे ना, हेही कंपनीच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावे. २२ सप्टेंबर २०२५ ला, घटस्थापनेच्याच दिवशी, छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि वरचा उपकरही गेला. तो फायदा सरकारी कराचा आहे; जुनी किंमत दाखवून तो स्वतःची सवलत म्हणून कोणी पुढे करत असेल तर हसून सोडून द्यावे.

त्यानंतर सवलतीची फोड विचारावी. एक भाग कंपनीच्या मासिक योजनेचा असतो. तो तुमच्या शेजाऱ्यालाही तेवढाच मिळतो, त्यामुळे तो देताना सेल्समनने कितीही उपकाराचा चेहरा केला तरी त्याचे ओझे घेऊ नये. शिक्षक, बँक कर्मचारी, सरकारी नोकर यांना आणि काही कंपन्यांत शेतकऱ्यांना वेगळी सूट असते, पण ती विचारल्याशिवाय निघत नाही. दुसरा भाग शोरूमच्या स्वतःच्या नफ्यातला असतो, आणि घासाघीस फक्त याच भागावर होते.

आता विमा. शोरूमची खरी मिळकत येथे असते. "बाहेरून विमा घेतला तर सवलत मिळणार नाही" असे सांगितले जाते, पण विमा कोठून घ्यावा हे ठरवण्याचा हक्क पूर्णपणे ग्राहकाचा आहे. तरीही मी हक्काची भाषा सुरुवातीलाच काढत नाही. आधी बाहेरून कोटेशन आणतो, आणि ते तंतोतंत त्याच अटींचे असावे लागते: आयडीव्ही (गाडीची विम्यासाठी धरलेली किंमत) तीच, झिरो डेप (सुट्या भागांची घसारा न कापता भरपाई) असेल तर दोन्हीकडे, इंजिन कव्हर (पाणी शिरून इंजिन बिघडल्यास भरपाई) असेल तर दोन्हीकडे. आयडीव्ही कमी धरून हप्ता स्वस्त दाखवणे ही जुनी चाल आहे, आणि ती शोरूमवाले आणि बाहेरचे एजंट दोघेही करतात. नव्या गाडीची आयडीव्ही एक्स-शोरूमच्या साधारण ९५ टक्के असावी.

या कागदातला एक आकडा मात्र कोठेही बदलत नाही. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा (आपल्या गाडीने दुसऱ्याचे नुकसान झाल्यास ते भरून देणारा) सक्तीचा आहे आणि त्याचे दर सरकारने ठरवलेले आहेत: १००० सीसीपर्यंत ६,५२१ रुपये, १५०० पर्यंत १०,६४० आणि त्यापुढे २४,५९६, अधिक जीएसटी. तेवढी रक्कम बाजूला काढली की उरलेला सगळा फरक गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्यात आणि जोडण्यांत (जादा हप्ता देऊन घेतलेल्या संरक्षणांत) असतो, आणि तो तेथेच पकडता येतो. चावी हरवणे, टायर, सामान अशा जोडण्या मी खोडून टाकतो. इंजिन कव्हर मात्र खानापूर, चोर्ला घाटाकडे पावसाळ्यात जाणाऱ्याने ठेवावे. मालक-चालकाचा पंधरा लाखांचा अपघात विमा तुमच्या आधीच्या गाडीबरोबर चालू असेल तर तो पुन्हा घ्यायची गरज नसते. तो गपचूप दुसऱ्यांदा लावलेला मी तीनदा पाहिला आहे.

दोन्ही कागद शेजारी ठेवले की सेल्समन आत जातो, मॅनेजरला भेटून येतो आणि बहुतेक वेळा विम्याचा आकडा बाहेरच्या जवळ येतो. पाचशे-हजाराचा फरक राहिला तर मी शोरूमचाच विमा घेतो, कारण पुढे दावा करताना त्याच वर्कशॉपशी गाठ असते. दहा हजारांचा फरक राहिला तर घेत नाही.

हाताळणी खर्चाची ओळ सरळ काटायला सांगावी. गाडी शोरूमपर्यंत आणण्याचा खर्च एक्स-शोरूम किमतीत आलेला असतो. "आधीच बसवलेल्या" किटबद्दल उत्तर एकच ठेवावे: काढून द्या, नाहीतर दुसरी गाडी दाखवा.

चौथी पायरी: जुनी गाडी शेवटी काढावी

नव्या गाडीचा भाव लेखी झाल्याशिवाय जुन्या गाडीचे नाव काढू नये. त्याआधी बाहेरच्या दोन दलालांकडून तिची किंमत करून घ्यावी. एक्सचेंज बोनस वेगळा आणि गाडीची किंमत वेगळी अशा दोन ओळी मागाव्यात, कारण बोनस वीस हजार देऊन किंमत तीस हजार पाडली की हिशेब त्यांचाच जुळतो. शोरूमची किंमत आणि बोनस मिळून जी रक्कम होते, तिच्यापेक्षा बाहेरची किंमत जास्त येत असेल, तर बाहेर विकून मोकळे व्हावे.

पाचवी पायरी: पैसे आणि ताबा

अंतिम ऑन-रोड रक्कम, गाडीच्या उत्पादनाचा महिना आणि भेट म्हणून ठरलेल्या वस्तू मॅनेजरच्या सहीने लिहून घ्याव्यात. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख कोणी घेऊ शकत नाही. पैसे शोरूमच्या खात्यावरच भरावेत, सेल्समनच्या नव्हे. दहा लाखांवरच्या गाडीला एक टक्का टीसीएस (विक्रेत्याने आधीच गोळा केलेला आयकर) लागतो, तो आयकर विवरणपत्रात परत मागता येतो, म्हणून त्यावर वाद घालण्यात वेळ घालवू नये.

उरलेली रक्कम भरण्याआधी आणि पासिंगच्या आधी गाडी दिवसाउजेडी पाहावी. चेसिस नंबर बिलाशी जुळवावा. टायरवरचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. फॉर्म २१ या विक्रीच्या दाखल्यावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष लिहिलेले असते. ते लेखी ठरलेल्या महिन्याशी जुळत नसेल, तर चावी हातात घेऊ नये.