हरणाची कवटी पांढरी करताय? आधी तेल काढा, आणि या चुका टाळा

माझ्या तळघरातल्या फळीवर एक कवटी आहे. तिला हात लावला की बोटाला खडूसारखी पूड लागते. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातलं माझं पहिलं हरीण. रात्रभर ब्लीचच्या बादलीत बुडवून ठेवली होती आणि सकाळी अशी शुभ्र निघाली की मी लगेच फोटो काढून कोल्हापूरला घरच्या ग्रुपवर टाकला. (आईचं उत्तर: "ते घरात ठेवू नकोस.") वर्षभरात नाकाची हाडं झडली. त्यानंतरच्या वर्षी डोळ्याच्या खोबणीची कड नुसती दाबली तर पार्ले बिस्किटासारखी मोडली. मुद्दाम ठेवली आहे ती, दाखवायला.

थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी इथला नऊ दिवसांचा बंदुकीचा हंगाम सुरू होतो, आणि तो संपला की डिसेंबरभर ओळखीपाळखीच्या लोकांचे फोन येतात. हल्ली त्यात मराठी मंडळीही असतात. सगळ्यांना शिंगांसकट नुसती कवटी भिंतीवर लावायची असते, म्हणजे इथे ज्याला युरोपियन माउंट म्हणतात ते. प्रश्नही ठरलेला: "पांढरी कशी करू?" मी विचारतो, तेल काढलंस का? बहुतेकदा पलीकडे शांतता.

गणित साधं आहे. कवटी पिवळी दिसते ती मळामुळे नाही, हाडात मुरलेल्या चरबीमुळे. ती चरबी आत ठेवून वरून कितीही पांढरं केलंत तरी सहा-आठ महिन्यांनी डाग पुन्हा वर येतो.

भारतातल्या वाचकांसाठी एक गोष्ट आधीच सांगतो. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा फक्त शिकारीपुरता नाही. जंगलात गळून पडलेलं चितळाचं शिंगसुद्धा उचलून घरी आणता येत नाही. जुन्या वाड्यांतून सांबराची शिंगं टांगलेली दिसतात, त्यांनाही मालकीचं प्रमाणपत्र लागतं. इथली कवटी सुट्टीला जाताना बॅगेत घालून नेण्याचा विचार तर सोडाच. तिकडे राहून हात साफ करायचा असेल तर खाटकाकडून बोकडाची मुंडी आणा. खाली लिहिलेलं जवळजवळ सगळं तिलाही लागू पडतं.

खळखळ उकळणं

आपल्याला मुंडी शिजवायची सवय, म्हणून हात आपोआप मोठ्या पातेल्याकडे आणि मोठ्या आचेकडे जातो. एकाने तर कुकरच्या किती शिट्ट्या काढू म्हणून विचारलं होतं. पायाचा रस्सा थंड झाला की थिजतो ना? ते थिजणारं म्हणजे हाडा-सांध्यांतलं कोलेजन. हाडाला चिवटपणा त्याच्यामुळेच असतो. कवटी खळखळ उकळली की तेच पाण्यात उतरतं आणि उरतं ते ठिसूळ हाड. शिवाय वितळलेली चरबी बाहेर यायच्या ऐवजी हाडात आणखी खोल जाते. कवटीच्या शिवणी उकलतात, दातांना उभ्या चिरा पडतात.

पाणी ८० ते ८५ अंश सेल्सिअस, म्हणजे १८० फॅरनहाइटच्या आसपास ठेवा. तळातून एखाददुसरा बुडबुडा यावा, पृष्ठभाग हलू नये. त्याआधी सुरीने निघेल तेवढं मांस, डोळे, जीभ काढून टाका आणि कवटी रात्रभर गार पाण्यात ठेवा, रक्त उतरतं. तापवताना पाण्यात भांडी घासायचा साबण आणि थोडा धुण्याचा सोडा घाला. थोडा म्हणजे थोडाच, सोडा जास्त झाला की हाडाचा वरचा थर खरबरीत होतो. अर्धा तास ठेवा, बाहेर काढा, खरवडा, पाणी बदला, पुन्हा ठेवा. तीन-चार फेऱ्या लागतात.

आणि कवटी बाहेर काढण्याआधी वरचा तवंग चमच्याने काढून घ्या! अर्धा तास खपून सोडवलेली चरबी, आणि तुम्ही कवटी त्याच तवंगातून वर ओढता. सगळी परत अंगाला फासली जाते. ही चूक मी स्वतः तीन हंगाम करत होतो.

मेंदू आत राहणं, आणि तपासणीचं विसरणं

मानेचा कणा कवटीला जिथे जोडलेला असतो तिथे अंगठा जाईल एवढं भोक असतं. त्यातून वाकवलेली तार फिरवायची आणि पाण्याच्या नळीने धुवायचं. कंटाळवाणं काम आहे. आत राहिलेला मेंदू शिजून कवटीच्या आतल्या बाजूला चिकटतो आणि मग दमट हवेत कवटीला वास येतो, तुम्ही उगाच नाकाच्या पोकळीत शोधत बसता.

इथे जरा थांबतो. विस्कॉन्सिनच्या हरणांमध्ये २००२ साली क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, म्हणजे हरणं खंगून मरतात तो रोग, सापडला. त्याआधी १९६७ मध्ये कोलोरॅडोत तो पहिल्यांदा दिसला होता. हा जंतूंचा रोग नाही. बिघडलेल्या प्रथिनांचा, प्रायॉनचा आहे, आणि प्रायॉन शिजवून मरत नाहीत. माणसाला तो झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, तरी बाधित हरणाचं मांस खाऊ नका असा इथल्या आरोग्य खात्याचा सल्ला आहे. तपासणीसाठी घशामागच्या लसिकाग्रंथी लागतात, आणि त्या डोक्यासोबतच असतात. डोकं पातेल्यात गेलं की नमुनाही गेला. म्हणून आधी नमुना द्या, मग पाणी तापवा. हातमोजे घाला. मेंदू आणि कणा झुडपात फेकू नका, पिशवीत बांधून कचऱ्यात जाऊ द्या. दुसऱ्या राज्यात घेऊन जाणार असाल तर बहुतेक ठिकाणी मेंदूचा अंशही न राहिलेली स्वच्छ कवटीच चालते, त्या त्या राज्याचा नियम आधी बघा.

ब्लीचची खरी जागा इथे आहे. सुऱ्या, तारा वगैरे धातूची हत्यारं आधी स्वच्छ घासून ४० टक्के घरगुती ब्लीच आणि बाकी पाणी अशा मिश्रणात पाच मिनिटं बुडवली तर पृष्ठभागावरचे प्रायॉन निकामी होतात. हत्यारांना ब्लीच, कवटीला कधीच नाही. ते कोलेजन खातं, आणि धुतलं तरी छिद्रांत राहून काम चालूच ठेवतं. माझ्या फळीवरची पूड त्याचीच.

प्रेशर वॉशरची मस्ती

काम झटकन होतं, मान्य. पण नाकाच्या आत कागदासारख्या पातळ हाडांची गुंडाळी असते, ती जवळून मारलेल्या धारेने निघून जाते. नाकाची वरची दोन लांब हाडंही उडतात. अंगणात बर्फात ती शोधणं काय असतं ते शेजाऱ्याला विचारा. रुंद फवारा, हातभर अंतर, आणि कवटीखाली जाळी.

घाई नसेल तर बादलीत कुजवणं मला अजूनही सगळ्यात चांगलं वाटतं. झाकणाची बादली, मत्स्यपेटीचा हीटर, ३० ते ३५ अंशांचं पाणी, बाकीचं जिवाणू करतात. कवटी उकळल्याशिवाय स्वच्छ होते, त्यामुळे हाड मजबूत राहतं. इथेही दोन चुका ठरलेल्या. एक, वास असह्य होऊन सगळं पाणी एकदम ओतून देणं, त्यात काम करणारे जिवाणूही जातात. अर्धंच बदला. दोन, ते पाणी चाळणीशिवाय ओतणं. दात सुटून तळाशी बसलेले असतात. वासाबद्दल मी खोटं बोलणार नाही. गॅरेज घराला लागून असेल तर हा उद्योग करू नका.

मांस खाणारे डर्मेस्टिड किडे म्युझियमं पाळतात. घरी पाळायच्या भानगडीत पडू नका, ते लोकरी कपडे आणि गालिचाही खातात.

तेल

सगळं मांस गेलं, कवटी छान दिसते आहे, आणि नेमकं इथेच लोक पेरॉक्साइडची बाटली उघडतात. नको. बादलीत ४० ते ४५ अंशांचं पाणी, त्यात भरपूर भांडी घासायचा साबण, त्यात कवटी. शिंगं बाहेर. पाणी गढूळ झालं की बदला. हरणाला दोन ते चार आठवडे लागतात. रानडुक्कर किंवा अस्वल असेल तर महिने मोजायचे.

झालं हे कसं ओळखायचं? कवटी काढून चार-पाच दिवस पूर्ण सुकू द्या, ओलं हाड फसवतं. मग खिडकीपाशी नेऊन बघा. भजी ठेवलेल्या वर्तमानपत्रावर तेल पसरलं की कागद तिथे जरा पारदर्शक दिसतो, तसे डाग हाडावर दिसतात. मागची जाड बाजू, शिंगांचं बूड आणि जबडा बसतो तो सांधा, या तीन जागा आधी तपासा. डाग दिसला की परत बादलीत. यात युक्ती नाही, शॉर्टकटही नाही.

आता पांढरं

तेल गेलं असेल तर हे काम सोपं आहे. औषधाच्या दुकानातलं ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड प्लॅस्टिकच्या टबात, कवटी त्यात एक ते तीन दिवस. धातूचं भांडं नको, गरम करू नका, उन्हात ठेवू नका. झाकण सैल ठेवा, कारण त्यातून ऑक्सिजन निघत राहतो आणि घट्ट झाकण फुगून उडतं. सलूनचं ४० व्हॉल्यूम म्हणजे १२ टक्के, ते ब्रशने लावतात. हातमोज्याशिवाय लावलंत तर बोटं पांढरी पडून चुरचुरतील. ३५ टक्क्यांचं घरात आणूच नका.

शिंगांना पेरॉक्साइड लागलं की त्यांचा तपकिरी रंग गेला. बुडाशी प्लॅस्टिकचा रॅप घट्ट गुंडाळा. कवटीवर कापूस किंवा टिश्यू ठेवणार असाल तर त्याचं टोक शिंगाला टेकू देऊ नका, दिव्याच्या वातीसारखं द्रव वर चढतं. रंग गेलाच तर विहिरीत टाकायचे ते जांभळे खडे, पोटॅशियम परमँगनेट, अगदी पातळ करून ब्रशने लावा. आधी जांभळं, मग हळूहळू तपकिरी. कवटीवर थेंब पडू देऊ नका, आणि पेरॉक्साइड पूर्ण धुऊन वाळल्याशिवाय हे काढूही नका, दोघांची गाठ पडली की जोरात फसफसतं.

कागदासारखा पांढराशुभ्र रंग मागू नका. चांगलं हाड किंचित हस्तिदंती दिसतं.

मागाहून येणाऱ्या तक्रारी

"वरचे पुढचे दात हरवले" असा फोन दरवर्षी येतो. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच, बोकडालाही नसतात. दाढा सुटल्या असतील तर पांढऱ्या गोंदाने बसवा, सुपरग्लू नको, चुकीच्या खाचेत बसली तर निघत नाही. उकळली नसतानाही दातांना चिरा पडल्या तर त्या कवटी उन्हात किंवा हीटरसमोर सुकवल्यामुळे. सावलीत सुकवा.

एकाने मेंढा आणला होता आणि शिंगांतून वास येतो म्हणाला. चितळ-सांबरासारखी या हरणांचीही शिंगं म्हणजे हाडच, दरवर्षी गळतं. बोकड, मेंढा, काळवीट यांचं शिंग वेगळं. वर नखाच्या जातीची टोपी, आत हाडाचा गाभा. टोपीखालचं मांस कुजत राहतं. गरम पाण्यात भिजवून टोपी पिळून काढायची, गाभा साफ करायचा, सुकल्यावर परत चढवायची.

वार्निश लावू नका, पिवळं पडतं. काही लावायचंच असेल तर ॲसिटोनमध्ये विरघळवलेलं पॅरालॉइड बी-७२ (एक पारदर्शक ॲक्रिलिक राळ) पातळ लावा, म्युझियमवाले तेच वापरतात.

सध्या माझ्या बादलीत टेक्सासच्या एका मित्राचं रानडुक्कर आहे, फेब्रुवारीपासून. आज नववं पाणी बदललं. अजून वर तवंग येतोय.