आधी वार ठरवा, मैल नंतर

मोटारहोम, म्हणजे चाकांवरचं घर, घेऊन टेनेसीकडे कंट्री गाणी ऐकायला जायचं ठरलं की लोक मला सामानाची यादी मागतात. किती चादरी, किती डाळ, कुकर न्यायचा का. मी म्हणते, आधी कॅलेंडर काढा. आम्ही दोघं न्यू जर्सीहून पहिल्यांदा निघालो तेव्हा नवऱ्याने सगळे मैल मोजून सुंदर आराखडा केला होता. त्या आराखड्याप्रमाणे आम्ही व्हर्जिनियातल्या हिल्टन्स गावी गाणं ऐकायला वेळेत पोचलो, फक्त वार रविवार होता. गाणं शनिवारी झालं होतं. कुलूप बघितलं, फोटो काढला आणि डब्यातल्या पोळ्या खाऊन निघालो.

म्हणून पहिलं काम वारांचं. व्हर्जिनियातल्या फ्लॉइड गावात 'फ्लॉइड कंट्री स्टोअर' नावाचं जुनं दुकान आहे, तिथे शुक्रवारी संध्याकाळी आधी भक्तिगीतं आणि मग नाच. हिल्टन्सच्या 'कार्टर फॅमिली फोल्ड' या गाण्याच्या मांडवात शनिवारी. नॅशव्हिलचं 'ग्रँड ओल ओप्री', म्हणजे कंट्री गाण्यांचा जुना कार्यक्रम, शनिवारी, बाकीचे वार मोसमाप्रमाणे. दोन आठवड्यांच्या सहलीत शुक्रवार दोन आणि शनिवार दोन, एवढंच भांडवल. ते आधी मांडा आणि डोंगर, धबधबे, संग्रहालयं मधल्या दिवसांत बसवा. आमचा दुसऱ्या खेपेचा बेत असा होता: बुधवारी घर सोडायचं, शुक्रवारी फ्लॉइड, शनिवारी हिल्टन्स, रविवारी ब्रिस्टल, सोमवार ते गुरुवार स्मोकी माउंटन्स आणि पुढच्या शनिवारी नॅशव्हिल. टेनेसीत वाटेत घड्याळ एक तास मागे जातं, ब्रिस्टल पूर्वेच्या वेळेवर आणि नॅशव्हिल मध्य विभागाच्या. तिकिटावरची वेळ कुठली, ते बघून ठेवा.

मोटारहोमवाल्यांत तीन-तीन-तीन असा एक नियम सांगतात: दिवसाला तीनशे मैलांहून जास्त नाही, दुपारी तीनच्या आत मुक्कामी, आणि एका जागी निदान तीन रात्री. तिसरा तीन आम्हाला स्मोकीज सोडून कधी जमला नाही. दुसरा मात्र पाळाच. अंधारात अनोळखी जागी पंचवीस फुटांची गाडी मागे घेताना चाळीस वर्षांचा संसार पणाला लागतो.

गाडी भाड्याची असेल तर घ्यायच्या दिवशी एक तास जास्त ठेवा. साधं लायसन्स बहुतेक राज्यांत चालतं, पण नेहमीच्या कारचा विमा मोटारहोमला लागू होईलच असं नाही. तो फोन आधी करा. टायरच्या कडेवर 'DOT' या अक्षरांच्या ओळीत शेवटचे चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. नक्षी नवी दिसली तरी टायर सात वर्षांचा असेल तर दुसरी गाडी मागा. गाडीची उंची कागदावर लिहून स्टीअरिंगसमोर चिकटवा. ब्लू रिज पार्कवे हा डोंगरातून जाणारा रस्ता 469 मैलांचा आहे, वाटेत 26 बोगदे. बोगद्यांना कमान आहे, मध्ये उंची जास्त आणि कडेला कमी. सप्टेंबर 2024च्या हेलीन वादळात नॉर्थ कॅरोलायनातला हा रस्ता बराच उखडला होता, तेव्हा कुठला भाग उघडा आहे ते निघायच्या आदल्या दिवशीसुद्धा बघा.

पाण्याचं वजन कोणी लक्षात घेत नाही. एक गॅलन म्हणजे आठ पौंडांहून थोडं जास्त, तीस गॅलनची टाकी भरली की अडीचशे पौंड. प्रवासात पाव टाकी पुरते, मुक्कामाला गेल्यावर भरा. सांडपाण्याच्या टाक्या दोन. संडासाची ती ब्लॅक, मोरीची ती ग्रे. रिकाम्या करताना आधी ब्लॅक आणि मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुऊन निघते. हातमोज्यांचं खोकं घ्या. हे काम कुणाचं ते घरीच ठरवा, आमच्याकडे नाणं उडवलं होतं आणि मी जिंकले.

विजेचा हिशेब स्वयंपाकाशी जोडलेला आहे. तीस अँपिअरचं कनेक्शन म्हणजे 3600 वॉट. एसीने बारा-पंधरा अँपिअर खाल्ले, वर इंडक्शन आणि मायक्रोवेव्ह लावला की खटका पडणारच. आम्ही कुकर लावताना एसी बंद करतो. फोडणी मात्र बाहेर. आत मोहरी तडतडली की डोक्यावरचा धुराचा भोंगा कोकलतो आणि शेजारच्या गाडीतले सद्गृहस्थ अग्निशामक हातात घेऊन दारात उभे राहतात. आमच्याकडे आले होते. नंतर त्यांनी वरण-भात खाल्ला आणि हिंग कुठे मिळतो ते विचारलं. मिसळणाचा डबा तर नेऊच नका. झाकण कितीही घट्ट असो, पहिल्या डोंगरी वळणावर तो उघडतो. आमच्या त्या गाडीच्या फ्रीजच्या दाराचं रबर हळदीने पिवळं झालं, टूथब्रशने घासूनही गेलं नाही आणि परत देताना भरपाई भरावी लागली. फिरकीच्या झाकणाच्या छोट्या बाटल्या, त्याही मोज्यांत घालून.

औषधं नव्वद दिवसांची भरून घ्या आणि चिठ्ठ्यांचे फोटो दोघांच्याही फोनमध्ये ठेवा. मूळ मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा, असेल तर ते घेणारा देशातला कुठलाही डॉक्टर चालतो. त्याऐवजी खाजगी कंपनीचा ॲडव्हांटेज प्लॅन असेल तर तातडीची वेळ सोडून इतरत्र काय मिळेल ते विचारून घ्या. बासष्ट पूर्ण असतील आणि नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड असेल तर राष्ट्रीय उद्यानांचा ज्येष्ठांचा आजन्म पास 80 डॉलरला मिळतो. सरकारी कॅम्पग्राउंडांवर बऱ्याच ठिकाणी त्यावर निम्मे पैसे पडतात. भारतातून आलेल्या व्याही-विहिणींना तो मिळत नाही. स्मोकीज हे असंच राष्ट्रीय उद्यान, तिथल्या कॅम्पग्राउंडांची नोंदणी सहा महिने आधी सुरू होते, आणि तिथे शॉवर नाहीत, हे माझ्यासारख्या रोज कडकडीत पाण्याने अंघोळ करणाऱ्या बाईने आधी वाचायला हवं होतं. घरचं सरपण तिथे चालत नाही, उष्णता देऊन प्रमाणित केलेलंच विकत घ्यायचं. अस्वलं आहेत. खरकटं बाहेर ठेवू नका.

आता गाण्याची तयारी, जी कुणीच करत नाही. निघायच्या आधी महिनाभर कान लावा. फिडल (म्हणजे व्हायोलिनच) कुठे संपतं आणि मँडोलिन कुठे सुरू होतं एवढं कळलं तरी पुरे. आणि ब्रिस्टलची गोष्ट माहीत हवी. हे गाव दोन राज्यांत आहे, स्टेट स्ट्रीटच्या मधोमध सीमा. एक फुटपाथ व्हर्जिनियाचा, दुसरा टेनेसीचा. 1927च्या जुलै-ऑगस्टमध्ये व्हिक्टर या रेकॉर्ड कंपनीसाठी राल्फ पीअर यांनी इथे टेनेसीच्या बाजूला एका टोप्यांच्या गोदामात ध्वनिमुद्रणाचं यंत्र मांडलं आणि डोंगरातल्या गायकांना बोलावलं. ए. पी. कार्टर, त्यांची बायको सारा आणि भावाची बायको मेबेल असे तिघं आले, हीच ती कार्टर फॅमिली. सारा आणि मेबेल जावा-जावा, शिवाय नात्याने बहिणीही. मेबेल अठरा वर्षांची, दिवस अगदी भरत आलेले, उन्हाळा, खडबडीत रस्ता, आणि वाटेत टायर पंक्चर. मला टायरचे चार आकडे वाचताना दर वेळी तीच आठवते. अंगठ्याने जाड तारांवर चाल आणि बाकी बोटांनी बारीक तारांवर ठेका, असं तिचं गिटार वाजे आणि पुढे ते हजारोंनी उचललं. तिची 1928ची गिब्सन गिटार नॅशव्हिलच्या कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये काचेमागे आहे. ब्रिस्टलचं संग्रहालय आधी बघा आणि गिटार नंतर. उलट केलंत तर ती नुसती एक गिटार दिसते.

हिल्टन्सचा मांडव ए. पी. आणि सारा यांच्या मुलीने, जॅनेट यांनी, सत्तरच्या दशकात उभा केला. दारू नाही, विजेवरची वाद्यं नाहीत. कंट्रीचे नामवंत गायक जॉनी कॅश यांनी आपलं शेवटचं जाहीर गाणं 5 जुलै 2003ला इथेच म्हटलं. त्यांची बायको जून ही मेबेलची मुलगी. समोर लाकडी फरशी असते, ठेका सुरू झाला की सत्तरीच्या बायका टाचांना पत्रे लावलेले बूट घालून तिच्यावर उतरतात. सपाट तळाचे, घसरणारे बूट न्या, रबरी तळाच्या चालायच्या बुटांनी गुडघा मुरगळतो. फ्लॉइडला उन्हाळ्यात बाहेर रस्त्यावरही गोल करून वाजवत बसतात. देवळातल्या भजनी मंडळात जसं टाळ घेऊन कुणीही टेकतं, तसंच. माझा नवरा पुढच्या खेपेला बाजाची पेटी नेणार म्हणतो. जागा आहे का गाडीत, असं मी विचारलं आहे.

नॅशव्हिलसाठी दोन वस्तू. एक, उशी. रायमन सभागृह 1892चं, मूळ प्रार्थनेसाठी बांधलेलं, बाक अजून देवळातलेच. ओप्री 1943 ते 1974 तिथे होतं. ते नव्या जागी गेलं तेव्हा जुन्या रंगमंचाच्या लाकडाचं एक वर्तुळ कापून नव्या मंचात बसवलं. गाणारे त्यावर उभे राहतात. सवाईला भारतीय बैठकीत रात्री काढलेल्यांनाही रायमनचा बाक दुसऱ्या तासाला टोचतो. दुसरी वस्तू, कानात घालायचे बोळे, तिथल्या ब्रॉडवे रस्त्यावरच्या गाण्याच्या बारमधून चालताना. त्याउलट ब्लूबर्ड कॅफे या गाणी ऐकायच्या छोट्या जागी बोललात तर लोक बोट ओठांवर ठेवून बघतात. ती जागा जेमतेम नव्वद माणसांची, त्यामुळे आरक्षण उघडतं त्या क्षणी फोन हातात हवा.

आणि एक कागद दाराच्या आतल्या बाजूला, मोठ्या अक्षरात, चष्म्याशिवाय वाचता येईल असा: गॅस बंद, अँटेना खाली, पायरी आत, वीज-पाणी-नळी काढली, फ्रीजची कडी लावली, चाकांखालच्या उटी (अडवायचे ठोकळे) उचलल्या. हे एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने हात लावून 'हो' म्हणायचं. दोघांनी मनात वाचून चालत नाही, पायरी आम्ही तशीच मोडली. मग गाडीभोवती चक्कर, नवरा डावीकडून, मी उजवीकडून. मागे भेटलो की निघायचं.